मसाई मारातला एक दिवस केवढ्याला पडतो?

केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्रात शिरायचे तिकीट परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात 200 डॉलर पडते. 2024 पासून हे असे आहे. माराच्या सहलीचा हिशेब खरे तर इथून सुरू व्हायला हवा, पण आपल्याकडे तो सुरू होतो नदीपासून. वाइल्डबीस्टचे कळप मारा नदीत उड्या घेतात, मगरी टपून बसलेल्या असतात, हे टीव्हीवर पाहिलेले असते. म्हणून ऑगस्ट ठरतो. ऑगस्ट ठरला की तिकीट दुप्पट, तंबूचे भाडे दीडपटीच्या आसपास आणि नदीकाठी गाड्यांची गर्दी, हे सगळे ओघाने येते.

नदी ओलांडणारे कळप पाहू नयेत असे मी म्हणणार नाही. ते दृश्य थोर आहे. पण कळप आज उतरतील की परवा, हे तिथला मुरलेला गाईडही छातीठोक सांगू शकत नाही. तीन दिवस काठावर थांबून काहीच न पाहता परतलेली माणसे पुष्कळ आहेत. उलट सिंह, चित्ता, बिबट्या, हत्ती, रानम्हैस, जिराफ, पाणघोडा, ठिपक्यांचे तरस हे सगळे बारा महिने तिथेच राहतात. ते स्थलांतर करत नाहीत. आणि पक्ष्यांची गंमत तर अर्ध्या तिकिटाच्या सहामाहीतच अधिक आहे. म्हणून माझा सल्ला पहिल्यांदाच सांगून टाकतो: स्वस्त सहामाहीत जा आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक दिवस विकत घ्या.

तिकीट बारा तासांचे असते

हे तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 असे चालते. राखीव क्षेत्राच्या आत मुक्काम असेल, तर निघायच्या दिवशी सकाळी 10 च्या आत फाटक ओलांडावे लागते. उशीर झाला की त्या दिवसाचे नवे तिकीट.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते पहिल्या दिवशी. नैरोबीहून सकाळी निघालेली गाडी माई माहिऊ, नारोक करत सेकेनानी फाटकाशी पोचेपर्यंत दुपारचे दीड-दोन वाजतात. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता आता डांबरी आहे, तरी पाच-सहा तास लागतातच. बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत पुढे लिहिलेले असते: ‘जेवण, विश्रांती, चार वाजता गेम ड्राइव्ह’. फाटकाबाहेर उतरला असाल तर या दोन तासांच्या फेरीसाठी पूर्ण दिवसाचे तिकीट द्यावे लागते. चौघांचे मिळून स्वस्त मोसमात 400 डॉलर, महाग मोसमात 800. पॅकेजमध्ये ते गोळाबेरीज होऊन येते, त्यामुळे लक्षात येत नाही. टूरवाल्याला सरळ सांगा की पहिल्या दिवशी आत जायचे नाही आणि तेवढी रक्कम कमी करून द्या.

त्या संध्याकाळी काय करायचे? कॅम्पच्या मसाई गाईडबरोबर पायी फिरा. राखीव क्षेत्रात गाडीतून उतरून हिंडता येत नाही. बाहेर मात्र येते, आणि माराला कुंपण नसल्यामुळे झेब्रे, जिराफ, गॅझेल बाहेरही चरत असतात. (गॅझेल म्हणजे आपल्या चिंकाऱ्याची भावंडे.) बाभळीच्या झाडांवर सुगरणींची घरटी, फुलांवर शिंजीर, जमिनीवर सुपर्ब स्टार्लिंग नावाची निळी-नारिंगी चकचकीत साळुंकी. पहिल्या संध्याकाळी एवढे पुरते, आणि गाडीत ताठलेली पाठही मोकळी होते.

मुलांचा दर वेगळा आहे. 9 ते 17 वयाला दिवसाला 50 डॉलर, 8 आणि त्याखालच्यांना प्रवेश मोफत. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ हवा. पैसे रोखीने घेत नाहीत. कार्डाने किंवा एम-पेसा या मोबाइल सेवेने भरावे लागतात, आणि हे काम बहुधा ड्रायव्हरच करतो. आपण एकच करायचे: पावती मागून घ्यायची आणि त्यावरचे दिवस, माणसे, रक्कम बघून घ्यायची.

आणखी एक. मारा नदीच्या पश्चिमेचा भाग, म्हणजे मारा ट्रँगल, 2001 पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था सांभाळते. पूर्वेचा भाग नारोक काउंटीकडे आहे. पश्चिमेला रस्ते बरे, गाड्या कमी आणि शिस्त अधिक. मुक्काम पूर्वेला असेल आणि एक दिवस पलीकडे जायचे असेल, तर तेच तिकीट चालेल का, हे आधी लेखी विचारून ठेवा.

नैरोबीत कामानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रहिवाशांचा दर लागतो. तो शिलिंगमध्ये असतो आणि पुष्कळ कमी असतो. मात्र त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलेल्या आई-वडिलांना किंवा मेहुण्यांना तो मिळत नाही. घरी राहून मारा स्वस्तात होईल, या आशेवर बेत आखू नका. वाचेल ते फक्त नैरोबीतले हॉटेल.

आपल्या सुट्ट्या आणि त्यांचा मोसम

दिवाळी आणि नाताळ या दोन्ही सुट्ट्या 200 डॉलरच्या काळात येतात. नोव्हेंबरमध्ये कळप सेरेंगेटीकडे परतू लागलेले असतात, छोटा पावसाळा सुरू असतो, गर्दी ओसरलेली असते, पण तिकीट पूर्णच. दिवाळीत जाणाऱ्याने हे समजून जावे.

एप्रिल-मे हा तिथला मोठा पावसाळा. माराची काळी माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला लगेच ओळखता येईल. पाऊस पडला की तीच चिकट, घसरडी, चाक गिळणारी जमीन. काही कॅम्प या दोन महिन्यांत बंद असतात, उरलेले भाव पाडतात. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो आणि सकाळ मोकळी मिळते, पण हमी कोणी देऊ शकत नाही.

शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाने जूनचा पहिला पंधरवडा धरावा असे मी म्हणेन. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या आणखी उशिरा. तिथे तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो, तिकीट अजून 100 डॉलर असते आणि कॅम्पचे चढे दर लागू व्हायला काही आठवडे बाकी असतात. तोटा एवढाच की गवत गुडघ्या-कमरेपर्यंत वाढलेले असते, त्यामुळे चित्ता दिसायला वेळ लागतो. ज्यांना शाळेचे बंधन नाही, त्यांच्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी सर्वोत्तम. कोरडी हवा, आखूड गवत, आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी अजून मुक्कामाला.

गाडी आणि गाईड: इथे कंजुषी नको

सगळ्या सहलीत एकच खर्च असा आहे की तो वाढवला तर दिसणारे वाढते, तो म्हणजे गाडी आणि गाईड. छप्पर वर उचलता येणारी व्हॅन स्वस्त असते. ड्रायव्हर आणि इंधनासह दिवसाला साधारण 130 ते 180 डॉलर. लँड क्रूझर 200 ते 300. कोरड्या महिन्यात व्हॅन चालून जाते. पावसाळ्याच्या आगेमागे मात्र ती काळ्या मातीत रुतते आणि अर्धा दिवस दुसऱ्याच्या दोरीची वाट पाहण्यात जातो. भाडे गाडीचे असते, माणशी नसते. म्हणून चार माणसे जमवून लँड क्रूझर घेणे हा हिशेबात सर्वांत चांगला मार्ग. सहा-सात जणांत तोच खर्च आणखी खाली येतो, पण मग छपरातून पाहताना एकमेकांची कोपरे लागतात आणि कॅमेऱ्याला जागा राहत नाही.

‘दोन रात्री, तीन दिवस, 350 ते 450 डॉलर’ अशा जोड-सहली नैरोबीत सर्रास मिळतात. अनोळखी लोकांबरोबर व्हॅनमध्ये बसायची तयारी असेल तर त्या वाईट नाहीत. फक्त एक प्रश्न विचारा: फाटकाच्या आत एकूण किती तास मिळणार? तीन दिवसांच्या सहलीत तो आकडा कित्येकदा बारा-तेरा तासांच्या वर जात नाही. भाव करायचा तर तासावर करा.

गाईडची पारख कागदावर होऊ शकते. केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन ही संस्था परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे दर्जे देते. निदान ब्राँझ असावा. पक्ष्यांत रस असेल तर सिल्व्हर मागा आणि पक्षी ओळखणारा माणूस हवा असे स्पष्ट लिहा. तसे न लिहिल्यास ड्रायव्हर वायरलेसवर ‘सिंबा, सिंबा’ (म्हणजे सिंह) ऐकून गाडी पिटाळतो आणि वाटेतला अख्खा पक्षिसंसार धुळीत मागे पडतो. कंपनी केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सची सदस्य आहे का, हेही पाहून घ्या.

राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे, आणि मांजरकुळातल्या प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या असाव्यात असा नियम आहे. गर्दीच्या मोसमात हा नियम किती पाळला जातो ते ऑगस्टमधले फोटो बघितले की कळते. चित्त्याची मादी दिवसाउजेडी शिकार करते. तिला वीस गाड्यांनी घेरले की शिकार हुकते आणि पिल्ले उपाशी राहतात. बक्षिसीच्या आशेने ड्रायव्हर गाडी पुढे घालत असेल तर त्याला थांबवणे आपल्या हातात आहे. ‘पोले पोले’, म्हणजे हळू हळू, एवढे म्हटले तरी तो समजतो.

आता पक्षी

माराच्या पक्ष्यांची यादी साडेचारशे जातींच्या वर जाते. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला त्यात एक आनंद असा मिळतो, जो युरोपातून आलेल्याला मिळत नाही. निम्मे चेहरे ओळखीच्या घराण्यातले निघतात. आपला नीलपंख तिथे फिकट जांभळी छाती आणि लांब शेपटी घेऊन प्रत्येक दुसऱ्या काटेरी फांदीवर बसलेला असतो. वेडे राघू असतात, खंड्ये असतात, टिटव्या तर तीन-चार प्रकारच्या. धनेश पाहायला मान वर करायची सवय असलेल्याला तिथला ग्राउंड हॉर्नबिल चक्रावून टाकतो. टर्कीएवढा काळा पक्षी, लालभडक गळा, आणि चार-पाचजणांचे कुटुंब गवतातून पायी चाललेले.

सोलापूरच्या नान्नजला माळढोकासाठी दिवस-दिवस डोळे लावून बसलेल्या कुणाहीकडून कोरी बस्टर्ड पाहताना गाडी पुढे न्यायला सांगवणार नाही. तोच बांधा, तीच ताठ मान, तीच मोजून पावले टाकायची रीत. नर अठरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. आपल्याकडे माळ गेले, त्यावर पवनचक्क्या, विजेच्या तारा आणि ऊस आला. गवताळ माळ शाबूत राहिला तर असा पक्षी किती सहज दिसतो, हे मारात उघड्या डोळ्यांनी कळते. मला त्या जागी आनंदाबरोबर दुःखही होते, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

थंडीतले पाहुणेही दोन्हीकडे तेच. भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियातून आणि युरोपातून निघतो. त्याच्या माँटेग्यू आणि पांढुरका या दोन जाती आपल्या दख्खनच्या माळांवरही हिवाळा काढतात आणि पूर्व आफ्रिकेच्या सव्हानातही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम भारतातून जाणारा युरोपीय नीलपंख पुढे आफ्रिकेतच पोचतो. अमूर ससाणा तर सायबेरिया-चीनकडून नागालँड, महाराष्ट्र असे करत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरतो. हे सारे एप्रिलपर्यंत उत्तरेला परततात. जानेवारी-फेब्रुवारीची शिफारस मी करतो ती यासाठी.

जूनमध्ये जाणाऱ्याने निराश होऊ नये. पावसानंतर स्थानिक पक्ष्यांची वीण रंगात येते. जॅक्सन्स विडोबर्ड या पक्ष्याचा नर गवतात एक गोल नाचाची जागा तयार करतो, मधोमध एक झुबका राखतो, आणि काळी लांब शेपटी मानेपर्यंत वाकवून तिथल्या तिथे उंच उड्या मारत राहतो. हिरव्या गवतावर एकाच वेळी पाच-पंचवीस काळे ठिपके वरखाली होताना दिसले की समजावे, हे तेच.

सेक्रेटरी बर्डसाठी थांबा. लांब पायांचा हा शिकारी पक्षी चालत भक्ष्य शोधतो. डोक्यामागे काळी पिसे लोंबत असतात, मांड्यांवर काळी पिसे चढलेली. गवतात काही हलले की तो पायाने धाडदिशी लाथ घालतो. साप असेल तर पंख पसरून, अंग मागे ठेवून, फक्त पाय पुढे. जनावर मेल्यावरच चोच लागते. हे पाहायचे तर गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात, आणि म्हणूनच गाईडशी आधी बोलणे झालेले हवे.

पण माराच्या पक्ष्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते गिधाड. मेलेला झेब्रा सापडला तर सिंह उठून जाईपर्यंत तिथेच थांबा. आधी आभाळात एक ठिपका, मग दहा, मग ओळीने उतरणारी मोठी पांढऱ्या पाठीची गिधाडे आणि त्यांच्यात रुपेल्स. ही लांब उघडी मान पोटात घालून आतले मांस ओढतात, पण त्यांच्या चोचीला जाड कातडी फाडता येत नाही. त्यासाठी लॅपेट-फेस्ड हे अवाढव्य डोक्याचे, गालावर कातडीच्या घड्या असलेले गिधाड यावे लागते. ते आले की बाकीची बाजूला सरतात. ते स्नायू आणि कातडे फाडते, वाट मोकळी होते, मग पुन्हा झुंबड. कडेला लहान हूडेड गिधाडे सांडलेले तुकडे उचलतात, आणि सर्वांच्या मागे मॅराबू करकोचा म्हाताऱ्या सावकारासारखा खांदे पाडून उभा असतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक वाइल्डबीस्ट बुडून मरतात. ती शवे संपवण्यात मगरी-माशांबरोबर या पक्ष्यांचाही वाटा असतो.

भारतात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. मारात वर सांगितलेल्या चारपैकी तीन जाती अतिसंकटग्रस्त ठरलेल्या आहेत आणि चौथी संकटग्रस्त. तिथे कारण वेगळे आहे. सिंह गाय मारतो, चिडलेला गुराखी शवात विष घालतो, आणि एका शवावर शंभर गिधाडे मरतात. हे सांगायचे कारण असे की तुमचे पैसे कुठे जातात, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

मुक्काम, आणि शेजारच्या कॉन्झर्व्हन्सी

सेकेनानी आणि तालेक फाटकांबाहेर तंबूंचे साधे कॅम्प जेवणासह माणशी 50 ते 80 डॉलरमध्ये मिळतात. मधल्या दर्जाचे 100 ते 150. तंबू म्हटले तरी आत पलंग, संडास-न्हाणी, गरम पाणी असते. वीज काही कॅम्पमध्ये ठरावीक तासच असते. आतले लॉज त्याहून बरेच महाग.

त्यापलीकडे मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. ही जमीन मसाई कुटुंबांची. त्यांनी ती पर्यटन कंपन्यांना भाड्याने दिलेली आहे. नाबोइशोत असे पाचशेच्या आसपास जमीनमालक आहेत. दरमहा भाडे घरात येते, त्या बदल्यात कुंपणे घालायची नाहीत आणि गुरे ठरवून चारायची. सिंहामुळे घरात पैसा येतो म्हटल्यावर शवात विष घालण्याची बुद्धी कमी होते. इथे तंबूंची संख्या मर्यादित, गाड्या मोजक्या, रात्रीची फेरी आणि पायी भ्रमंती दोन्हीला परवानगी. दर मात्र माणशी रात्रीला 400 डॉलरपासून पुढे, पण त्यात जेवण, फेऱ्या आणि बहुधा कॉन्झर्व्हन्सीचे शुल्कही धरलेले असते. सगळी सहल अशी परवडत नसेल तर शेवटची एक रात्र तिथे घ्या. माझ्या मते ती बलूनपेक्षा सार्थकी लागते.

बलूनचे सांगतो. पहाटेचे उड्डाण, साधारण तासभर, नंतर गवतात न्याहारी, माणशी 450 ते 500 डॉलर. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये. तेवढ्यात मधल्या दर्जाच्या मुक्कामासह, गाडीसह, तिकिटासह जवळजवळ दोन दिवस जास्त राहता येते. ज्याला उंचावरून सव्हाना पाहण्याची खरी ओढ आहे त्याने जरूर जावे. ‘आलोच आहोत तर’ म्हणून जाऊ नये.

शाकाहारी आणि जैन जेवणाची चिंता करू नका. केनियात गुजराती वस्ती जुनी आहे आणि कॅम्पच्या आचाऱ्यांना सवय आहे. चपाती आणि चाय हे दोन्ही शब्द तिथे तसेच चालतात. आधी कळवले की झाले.

चौघांचा हिशेब

डॉलर 90 रुपये धरतो. चार प्रौढ, एक लँड क्रूझर, फाटकाबाहेर मधल्या दर्जाच्या कॅम्पमध्ये चार रात्री, आत पूर्ण तीन दिवस, मोसम जानेवारी ते जून. सगळे आकडे माणशी आहेत आणि प्रत्यक्ष भाव मागवल्यावर थोडे मागेपुढे होतील.

मुंबई-नैरोबी जाऊन-येऊन विमान 45,000 रुपयांच्या आसपास. केनिया एअरवेजचे थेट विमान साधारण सहा तासांत पोचवते. प्रवेशाची तीन तिकिटे 27,000. गाडी पाच दिवस, दिवसाला 250 डॉलर, चौघांत वाटून 28,000. कॅम्प रात्रीला 120 डॉलरप्रमाणे 43,200. नैरोबीत एक रात्र आणि जेवण 5,500. केनियाची ई-परवानगी, लस, गोळ्या, विमा मिळून 7,000. बक्षिसी 6,300. बेरीज 1,62,000 रुपये.

हीच सहल ऑगस्टमध्ये केली तर नुसत्या तिकिटात 27,000 वाढतात, कॅम्पमध्ये पंधरा-वीस हजार, आणि माणशी खर्च दोन लाखांच्या पुढे जातो. उलट साधा कॅम्प आणि व्हॅन घेतली तर स्वस्त मोसमात सव्वा ते दीड लाखात बसते. भारतातल्या कंपनीकडून पॅकेज घेतल्यास जीएसटी आणि टीसीएस वर लागतो. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर रोकड अडकते. कोटेशनमध्ये तो धरला आहे का, ते विचारा.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाऊण तासात माराच्या धावपट्टीवर उतरता येते. एका बाजूचे दोनशे-अडीचशे डॉलर. सामान 15 किलो, तेही मऊ पिशवीत. कंबरदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी हा खर्च योग्य आहे. बाकीच्यांनी रस्त्याने जावे, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा दिसतो.

कागदपत्रे आणि औषधे

केनियाने 2024 च्या जानेवारीपासून व्हिसा बंद करून ऑनलाइन परवानगी सुरू केली. तिचे मूळ शुल्क 30 डॉलर. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी मधली संकेतस्थळे पुष्कळ आहेत, तेव्हा पत्ता नीट तपासा.

पिवळ्या तापाची लस चुकवू नका. तिचा दाखला लागतो तो भारतात परतताना. केनियातून आलेल्या माणसाकडे दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि नंतर आयुष्यभर चालतो. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते आणि तारखेसाठी वाट पाहावी लागू शकते, म्हणून महिनाभर आधी नोंदणी करा. साठीपुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले आणि नऊ महिन्यांखालची बाळे यांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. मारात मलेरिया आहे, त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांचेही त्याच वेळी विचारून घ्या. विम्यात जखमी माणसाला हवाई मार्गाने नैरोबीला हलवण्याचा खर्च असला पाहिजे. एम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचे अल्पमुदतीचे सदस्यत्व काही कॅम्प दरातच देतात.

डॉलरच्या नोटा 2009 नंतर छापलेल्या आणि न फाटलेल्या न्या. जुन्या कोणी घेत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे आणि संरक्षित क्षेत्रांत 2020 पासून एकदा वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात बांधा, पाण्याला स्टीलची बाटली घ्या. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर आणि त्याहून वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. उघड्या छपराच्या गाडीत सकाळी सहाला चांगलीच थंडी वाजते. स्वेटर आणि कानटोपी हवी.

दुर्बीण माणशी एक हवी, 8×42 मापाची. दहा-पंधरा हजारांत बरी मिळते. एका दुर्बिणीत चौघांनी पाहायचे ठरवले तर ससाणा तिसऱ्याच्या हाती येईपर्यंत उडालेला असतो. लांब पल्ल्याची लेन्स विकत घेऊ नका, मुंबई-पुण्यात दिवसाच्या भाड्याने मिळते. कॅमेरा टेकवायची कापडी पिशवी रिकामी न्या, तिथे कॅम्पच्या स्वयंपाकघरातून तांदूळ मागून भरा आणि निघताना परत करा. पुस्तक न्यायचे तर स्टीव्हनसन आणि फॅनशॉ यांचे ‘बर्ड्‌स ऑफ ईस्ट आफ्रिका’. पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपमधली पूर्व आफ्रिकेची माहिती मुंबईतच उतरवून घ्या, मारात नेटचा भरवसा नाही.

बक्षिसीबद्दल संकोच नको. गाईडला माणशी दिवसाला 10 डॉलर, कॅम्पच्या मंडळींसाठी 5 डॉलर हा रिवाज आहे. कॅम्पची रक्कम स्वागतकक्षातल्या पेटीत टाका, म्हणजे भांडी घासणाऱ्यालाही त्यातले मिळते. गाईडचे पैसे शेवटच्या दिवशी त्याच्या हातात द्या. ज्याने कोरी बस्टर्डसाठी न सांगता इंजिन बंद केले, त्याला दोन पैसे जास्त द्या आणि त्याचे नाव कंपनीला लिहून कळवा. पुढच्या वेळी तीच व्यक्ती मागता येते, आणि चांगले गाईड जानेवारी-फेब्रुवारीसाठी आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरातच ठरलेले असतात. म्हणून आधी गाईडची तारीख घ्या, मग कॅम्प, आणि विमानाचे तिकीट सर्वांत शेवटी.